खासगी झालेला भाव

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी आलेल्या मराठी दैनिकाला पहिले पान नव्हते. त्या जागी एका मोठ्या किराणा-भांडाराची जाहिरात होती. तेल, साखर, रवा, बेसन, सुकामेवा यांची रंगीत चित्रे होती, 'महाबचत' हा शब्द टपोऱ्या अक्षरांत होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट होती. एकाही जिनसेपुढे भाव छापलेला नव्हता. 'आपला खास भाव जाणण्यासाठी स्कॅन करा', एवढीच सूचना. ज्याने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले त्या माणसाला त्या सूचनेतील 'आपला' हा शब्द खटकल्याशिवाय कसा राहील? भाव मालाचा असतो, अशी आमची आजवरची समजूत. तो गिऱ्हाइकाचा कधीपासून झाला?

महागाईविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आपल्या चळवळीने या चौकटीकडे अद्याप लक्ष दिलेले नाही. ही तरुण मुलांच्या मोबाईलमधील एक गंमत आहे, फार तर जाहिरातवाल्यांची एक क्लृप्ती आहे, असे आपण धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे आहे की किरकोळ व्यापाराच्या जाहिरातीत शिरलेली ही चौकट भावाचे सार्वजनिक स्वरूपच नष्ट करीत आहे. आणि भाव सार्वजनिक उरला नाही, तर त्याविरुद्धची सार्वजनिक चळवळही उरणार नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. काळ्या पट्ट्यांचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय या गावच्या एका सुपरमार्केटमध्ये. वस्तू होती च्युइंगगमचे एक पाकीट. यंत्र दुकानाचे, वाचणारा नोकर दुकानाचा आणि वाचली जात होती ती वस्तू. तरीही तेथील ग्राहक-संघटना आणि दुकान-कर्मचाऱ्यांच्या युनियन यांनी तेव्हाच धोका ओळखला होता. यंत्राला भाव कळू लागला की दुकानदार नगानगावर भावाची चिठ्ठी लावणे बंद करील, हा त्यांचा आक्षेप. त्यांच्या रेट्यामुळे काही राज्यांनी प्रत्येक नगावर भाव लावण्याची सक्ती करणारे कायदे केले. मिशिगनचा १९७६ चा कायदा त्यांपैकी एक. तो पस्तीस वर्षे टिकला आणि २०११ साली व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी रद्द झाला. भाव मनुष्याच्या डोळ्यांना दिसावा की केवळ यंत्राला, हा झगडा असा अर्धशतक जुना आहे. आपल्याकडे तो उशिरा आणि वेगळ्या वेषात आला, एवढेच.

ठिपक्यांची चौकट म्हणजे क्यूआर कोड. ती १९९४ साली जपानमध्ये जन्मली. टोयोटा समूहातील डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यासह ती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केली. जुन्या पट्ट्यांत जेमतेम वीसेक आकडे मावत; या चौकटीत सात हजारांवर मावतात. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौरसांमुळे ती कोणत्याही बाजूने वाचता येते आणि काही भाग मळला-फाटला तरी अडत नाही. पेटंट हाती असूनही कंपनीने ही चौकट जगाला विनामूल्य वापरू दिली. भांडवली जगात असे क्वचित घडते, म्हणून त्याची नोंद करणे न्यायाचे आहे. २००२ च्या सुमारास जपानी मोबाईल फोनला ती वाचता येऊ लागली. वाचण्याचे यंत्र दुकानदाराच्या हातातून गिऱ्हाइकाच्या हातात आले! वरवर पाहता केवढी ही लोकशाही. प्रत्यक्षात त्या दिवसापासून वाचली जाणारी वस्तू बदलली. पूर्वी दुकान मालाची नोंद करीत असे. आता गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने स्वतःची नोंद करून देऊ लागले.

जाहिरातशास्त्राच्या वर्गात या संदर्भात एक उदाहरण भक्तिभावाने सांगितले जाते. टेस्को या ब्रिटिश कंपनीच्या 'होमप्लस' या दक्षिण कोरियातील दुकानसाखळीने २०११ साली सोल शहराच्या भुयारी रेल्वे स्थानकात दुकानाच्या फळ्यांची हुबेहूब चित्रे लावली. दूध, फळे, भाज्या. प्रत्येक चित्राखाली एक चौकट. गाडीची वाट पाहणाऱ्याने फोन धरावा, माल घरी पोचता होईल. ही मोहीम रचणाऱ्या जाहिरात-संस्थेला त्याच वर्षी फ्रान्समधील कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कोरियन माणूस फार काम करतो, त्याला बाजारात जाण्यास वेळ नाही, म्हणून बाजारच त्याच्याकडे नेला, असे या मोहिमेचे समर्थन होते. माणसाला बाजारहाट करण्याइतकाही वेळ उरू नये इतके काम का करावे लागते, हा प्रश्न त्या पारितोषिकाच्या कक्षेबाहेरचा होता. दिवसभर राबून फलाटावर नुसते उभे राहण्याचे जे पाच क्षण कामगाराचे स्वतःचे होते, तेही विक्रीयोग्य ठरले. पुढच्याच वर्षी ई-मार्ट या दुसऱ्या साखळीने सोलमध्ये अशी शिल्पे उभी केली की भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीतच, त्यांच्या सावलीतून चौकट उमटावी आणि तेवढ्या वेळापुरती सवलत मिळावी. सूर्यालाही विक्रेता म्हणून कामाला लावले! होमप्लसचे पुढे काय झाले, हे मात्र वर्गात सांगितले जात नाही. २०१५ साली टेस्कोने ती साखळी एका खासगी गुंतवणूक-संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाला विकली आणि मार्च २०२५ मध्ये ती न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली. तिच्या हजारो कर्मचाऱ्यांवर बेकारीचे सावट आले. चौकटीमुळे दुकान बुडाले असे मी म्हणत नाही. पण चौकटीमुळे ते तरलेही नाही.

आता आपल्या दैनिकातील चौकट काय करते ते पाहू. ती स्वतः हेर नाही. ती केवळ एक पत्ता आहे. परंतु हा पत्ता बहुधा थेट दुकानाचा नसतो. फोन प्रथम एका मध्यस्थ संगणकाच्या दारात जातो, तेथे वेळ, फोनचा प्रकार आणि साधारण ठिकाण यांची नोंद होते आणि मग तो पुढे पाठवला जातो. पुणे आवृत्तीत एक चौकट, कोल्हापूर आवृत्तीत दुसरी, बसथांब्यावर तिसरी छापली की कोणत्या कागदाने किती माणसे ओढली याचा हिशेब आपोआप होतो. इथपर्यंत माणूस अनामिक असतो. पुढच्या पडद्यावर 'सवलतीसाठी मोबाईल क्रमांक भरा' असे येते आणि अनामिकता संपते. त्यानंतर तुम्ही काय घेतले, काय घेता घेता ठेवून दिले, महिन्याच्या कोणत्या तारखेला घेतले, हे सारे त्या क्रमांकाला चिकटते. छापील जाहिरात वाचणाऱ्याला जाहिरातदार ओळखत नसे. ती चावडीवर मोठ्याने वाचता येई, सलूनच्या बाकावर चौघांत मिळून वाचता येई, तिच्यावर हसताही येई. ही चौकट मनुष्याच्या डोळ्यांना वाचताच येत नाही. आत काय आहे हे कळण्यापूर्वी आपण आहोत हे कळवावे लागते.

परवा एका मोठ्या दुकानात घडलेला प्रसंग सांगतो. शेंगदाणा तेलाच्या डब्यांच्या राशीवर एक फलक होता: चौकट स्कॅन करणाऱ्याला डब्यामागे साठ रुपये सूट. रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. धुण्याभांड्यांची कामे आटोपून आलेल्या असाव्यात. त्यांच्या हातात बटणांचा साधा फोन. त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारले, "दादा, ते साठ रुपये कमी कराल ना?" तो मुलगा सभ्य होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनवर नाही होणार." त्यांनी पुरते पैसे मोजले. माझ्या खिशात मुलाने दिलेला स्मार्टफोन होता आणि निवृत्तिवेतनाचा आधार होता. मला साठ रुपये सूट मिळाली. त्या मुलाकडे मी तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये तसंच आहे." तो खरेच बोलत होता. व्यवस्थेत तसेच आहे.

ही सूट कोठून येते? व्यापारी स्वतःच्या नफ्यातून दान करतो, असे कोणी मानत असेल तर त्याने अर्थशास्त्राच्या वाटेला जाऊ नये. स्कॅन न करणाऱ्याकडून घेतलेल्या पुऱ्या किमतीवर स्कॅन करणाऱ्याची सूट उभी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील केवळ ५४ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाईल असल्याचे सांगितले. हा कोणताही मोबाईल, स्मार्टफोनच नव्हे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांश होते. पुरुषांत ते निम्म्याहून अधिक होते. त्यानंतर फोन वाढले हे खरे. पण ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तो बहुधा कोणाच्या खिशात असतो आणि वाणसामान आणायला कोण जाते, हे मी कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. म्हणजे ही सवलत म्हणजे गरिबावर, त्यातही बाईवर, बसवलेला कर आहे. त्याची वसुली सरकार करीत नाही, इतकाच फरक.

आणि ही केवळ सुरुवात आहे. आर्थर पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली किंमतभेदाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्यांपैकी पहिली, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाकडून तो जास्तीत जास्त जितके देण्यास तयार असेल नेमके तितकेच काढून घेणे, ही व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे, असे त्याचे मत होते. आम्हीही विद्यार्थ्यांना तसेच शिकवत आलो. फळ्यावर आलेख काढायचा, ग्राहकाचे संतोषाधिक्य नाहीसे कसे होते ते दाखवायचे आणि 'हे केवळ सैद्धांतिक' असे म्हणून पुढे जायचे. व्यापाऱ्याला प्रत्येकाच्या मनातला आकडा कळणार कसा? आता तो कळण्याची सोय गिऱ्हाईक स्वतः करून देत आहे. महिनाअखेरीस कोण अर्धा किलोच तेल घेतो, कोण भाव न पाहता घेतो, कोणाला दहा रुपयांचे कूपन पुरते आणि कोण पन्नासाशिवाय हलत नाही, हे क्रमांकवार साठत आहे. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळी कूपने धाडणे हा आज उघड चाललेला व्यवहार आहे. 'आपला खास भाव' या शब्दांचा अर्थ पिगूला ताबडतोब कळला असता.

बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती आपल्या देशात १९९० पासून आहे. ती रद्द झालेली नाही. पण तिला आतून पोखरले जात आहे. पाकिटावर कमाल किंमत चढी छापायची आणि खरा भाव चौकटीत ठेवायचा. कायदा पाळला जातो, हेतू मरतो.

येथे मला १९७२ साल आठवते. दुष्काळ आणि महागाईच्या त्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट. पण लाटणे एकच. हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या त्या कशाच्या बळावर? गोरेगावच्या बाईला आणि परळच्या बाईला तेलाचा, रव्याचा, रॉकेलचा जो भाव भोगावा लागत होता, तो एकच होता आणि दोघींनाही माहीत होता. समान भाव म्हणजे समान दुःख आणि समान दुःखातूनच मोर्चा निघतो. त्याआधी १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीतून अपना बाजार ही सहकारी चळवळ उभी राहिली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. दोन्हींचे बळ हेच होते की दहा घरांनी एकत्र बसावे, भाव ताडून पाहावेत आणि एकत्र खरेदी करावी. आता कल्पना करा की त्याच दहा घरांतील दहा बायकांच्या फोनवर दहा निरनिराळे भाव आहेत. प्रत्येकीला वाटते आहे, आपल्याला शेजारणीपेक्षा स्वस्त पडले. ज्या शेजारणीला महाग पडले, तिला ते कळतही नाही. अशा चाळीतून लाटणे मोर्चा कसा निघणार? भांडवलशाहीने कामगारांना फोडण्यासाठी वेतनाची गुप्त पाकिटे वापरली. युनियनने लढून वेतनश्रेणी उघड करून घेतली. तीच गुप्त पाकिटे आता ग्राहकाच्या हाती दिली जात आहेत, आणि तो ती हसतमुखाने घेतो आहे.

यावर आपल्याच साथींकडून काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा, की तुम्ही यंत्रविरोधी आहात. १९८० च्या दशकात संगणकाला विरोध करून डाव्यांनी हसे करून घेतले, तेच पुन्हा करू नका. त्या विरोधात नोकऱ्यांची जी चिंता होती ती खोटी नव्हती, पण यंत्रालाच शत्रू मानण्यात चूक झाली, हे मी मान्य करतो. म्हणूनच मी चौकटीविरुद्ध बोलत नाही. हातगाडीवरच्या भाजीवालीने टोपलीला लावलेली चौकट पाहा. ती पैसे स्वीकारते, भाव विचारत नाही. मेथीची जुडी वीस रुपयांना, ती प्राध्यापकाला आणि मोलकरणीलाही. त्या चौकटीमागच्या व्यवस्थेबद्दलही प्रश्न आहेत, परंतु तो वेगळा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. स्कॅन करण्याची सक्ती कोठे आहे? नको असेल त्याने करू नये. हा युक्तिवाद आपण गिरणीच्या फाटकावर पुष्कळ ऐकलेला आहे. तेथेही कामगार 'स्वेच्छेने' आत जात असे. साठ रुपयांच्या लाभाशी जोडलेली संमती ही ज्याला साठ रुपयांची पर्वा नाही त्याच्यापुरतीच मुक्त असते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी असे शब्द आहेत, आणि संमतीची विनंती आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा अधिकार आहे. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांना त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची सवड देण्यात आली. दुकानदारांनी मोबाईल क्रमांकाचा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सांगितले होते. पण तो सल्ला होता, आणि सल्ल्याने नफा सोडणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. उलट जुलै २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादकांना त्यांच्या पत्त्यासारखा काही अनिवार्य तपशील खोक्यावर न छापता चौकटीत ठेवण्याची वर्षभराची मुभा सरकारनेच दिली होती. डोळ्यांना दिसणारे कमी करायचे आणि यंत्राला दिसणारे वाढवायचे, हा कल शासनाचाही आहे.

पण शासनाला दुसरेही करता येते, आणि ते आपल्याच राज्यात झालेले आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने बिल्डरांवर अशी सक्ती केली की गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापलाच पाहिजे. न छापल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. ती चौकट उघडली की प्रकल्पाची नोंदणी आणि प्राधिकरणाकडे असलेली त्याची माहिती समोर येते. त्याच तारखेपासून देशात तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड अनिवार्य झाला; त्यात उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत संपण्याची तारीख असते, म्हणजे बनावट गोळी ओळखण्याची सोय झाली. चौकट तीच, ठिपके तेच. एका ठिकाणी नागरिक बिल्डरला वाचतो. दुसऱ्या ठिकाणी भांडारवाला नागरिकाला वाचतो. फरक यंत्रात नाही, चौकटीत काय भरायचे हे कोण ठरवतो, यात आहे. अर्थात ज्याच्याजवळ फोन नाही त्याला महारेराची चौकटही मुकीच राहते, म्हणून तेथेही ठळक अक्षरांतील छापील माहितीचा आग्रह आपण सोडता कामा नये.

तेव्हा मागणी काय करायची? जाहिरातीवर बंदी घाला, ही मागणी मी करणार नाही. ती टिकणार नाही आणि तिची गरजही नाही. मागणी साधी असावी. चौकट उघडून जो भाव मिळतो तो जाहिरातीत आणि दुकानाच्या फळीवर अक्षरांत छापलेला असला पाहिजे आणि चौकट न उघडणाऱ्यालाही तो काउंटरवर मागताक्षणी मिळाला पाहिजे. एका दुकानात, एका दिवशी, एका वस्तूचा एकच भाव. वजन-मापाच्या कायद्याखाली पाकिटावरचा भाव छापून घेण्याचा अधिकार सरकारला आहे, तर पाकिटासमोरच्या फलकावरचा भाव छापून घेण्यात कोणती घटनात्मक अडचण येते, हे मला समजत नाही. सवलत आणि मोबाईल क्रमांक यांची गाठ सोडवली, की व्यापाऱ्याला आमची माहिती हवीच असेल तर त्याने ती वेगळी मागावी, मराठीत मागावी, आणि कशासाठी हवी ते सांगावे. कोण देतो ते मग पाहू.

ही मागणी विधिमंडळात पोचेल तेव्हा पोचेल. तोपर्यंत आपल्या शाखांना एक काम करता येईल. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी, एकाच दुकानाची तीच चौकट आपापल्या फोनवर उघडावी आणि पडद्यावर आलेले भाव एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. ज्या घरात स्मार्टफोन नाही त्या घराने मोजलेली किंमतही त्याच कागदावर लिहावी. तो कागद चौकातल्या आपल्या फळ्यावर लावावा, आणि भाव न छापलेल्या जाहिरातींची कात्रणे त्याच्याभोवती डकवावीत. कात्रणांचा तुटवडा पडणार नाही. एकट्या माझ्याकडे दिवाळीपासूनची सतरा जमली आहेत.